होल्डवरचा पावटा

वाघजाई वस्ती, चाकण
११ फेब्रुवारी २०२४

चि. ज्योतीराम,

आशीर्वाद हायेतच, ते येगळे लिवत न्हाई. पत्र बघून फोन करू नकोस. फोनवर तुजं निम्मं मला ऐकू येत न्हाई आन निम्मं ऐकावंसं वाटत न्हाई. व्हॉट्सअप केलंस तर नातू ते साऱ्या घराला मोठ्यांदी वाचून दाखवतो. म्हनून कागद. जुनी सातवी झाल्येली बाई हाय मी, अक्षर तुज्यापरीस बरं हाय. तुज्या टेम्पोवाल्या आबाजीजवळ देतीय. मंगळवारी तो आमच्या कंपनीत तुजा माल टाकायला येतोच. आमची कंपनी म्हंजी आमच्या रानावर हुबी हाय ती.

कागदासंगं पुडी हाय. तिच्यात चाळीस पावटे हायेत. मोजून घे. हा कस्तुराचा पावटा. कस्तुरा म्हंजी माजी आई, तुजी आजी, हे तुला सांगावं लागतंय का ठाव न्हाई, पन तुमा लोकांचं काय सांगावं. मी नांदायला आले तवा तिनं माज्या ओटीत घातला हुता. काळपट दाना, डोक्यावर पांढरी रेघ, जांभळं फूल. शेंग मोडली की बोटाला तेलकट वास राहतो, दोनदा हात धुतला तरी जात न्हाई. तुमच्या घरचा पावटा तुज्या बापानं हायब्रीड आनलं तवाच संपला. आता जगात आनखी कुठं असंल तर मला म्हाईत न्हाई.

दिवाळीत माज्या मालोजीनं साऱ्या अंगनात शिमिटाच्या लाद्या बसवल्या. न्हाणीमागं शेवटचा वेल हुता, तो गेला. मोनिका म्हनली, मम्मी, कुंडीत लावू. सून चांगली हाय माजी, कुंडी आनलीबी तिनं. पन तिच्यात आदीच प्लास्टिकचं फूल हुतं आन ते सोफ्याला मॅचिंग हाय म्हनं.

तवा मला जागा गावंपत्तूर बियानं तू संबाळ. एरंडेल लाव, बोटानं, हलक्या हातानं. मंग राखंत घालून डब्यात ठेव. उन्हात ठेवू नको. एवढंच. यात डोकं चालवायचं काई न्हाई, तवा चालवू नको.

तुजी आत्या
शालन

•

भोसरी
२० फेब्रुवारी २०२४

ती. शालनआत्या,

दंडवत. पुडी मिळाली. आबाजीने ती चलनाच्या क्लिपमध्ये अडकवून आणली. आमच्या वॉचमनने विचारलं, "कुठला पार्ट?" आबाजी म्हणाला, "पावटा." वॉचमनने रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं. आपल्या वर्कशॉपला आयएसओ उगीच नाही मिळालेलं.

तुझं काम झालं, आणि असं झालं की तुला ऐकून बरं वाटेल. चूल बंद झाल्याला आमच्या घरात तीस वर्षं झाली. भोसरीत जी राख मिळते ती सिगरेटची. म्हणून मी तुझा पावटा सरळ एक्स्पोर्टच्या पद्धतीने पॅक केला. आधी हवा मारून धूळ काढली. मग तेल. एरंडेल आणायला मेडिकलमध्ये गेलो होतो, तर तो म्हणाला, पोट साफ होत नाही का काका? चार बायका उभ्या होत्या, परत आलो. त्याहून भारी तेल लावलंय, काळजी करू नकोस. मग पिवळी हवाबंद पिशवी, आत दमट हवा शोषणारी पुडी, बाहेर खोका, खोक्यावर लेबल: ‘पावटा, नग ३३, बॅच ०१’. आमचे बुश, म्हणजे मशिनात बसणाऱ्या लोखंडी नळ्या, या पद्धतीने दीड महिना बोटीत बसून जर्मनीला जातात आणि आत्ताच बनवल्यासारखे उतरतात. तुझ्या पावट्याला तर फक्त भोसरीत बसायचंय.

विजयश्री नमस्कार सांगते. गुडघे कसे आहेत?

तुझा
ज्योतीराम

•

वाघजाई वस्ती
२७ फेब्रुवारी

ज्योतीराम,

गुडघे जागच्या जागी हायेत. मी चाळीस दाने दिले, तू तेहतीस लिवलेस. सात कुठं गेले? उसळ केलीस का?

आन भारी तेल म्हंजी कुठलं? खोबरेल असंल तर खवट हुतं. शेंगदान्याचं असंल तर मुंग्या येत्यात. नाव लिवून पाठव.

शालन

•

भोसरी
५ मार्च २०२४

ती. आत्या,

तुझी नजर आमच्या क्वालिटीच्या माणसाहून बरी आहे. सात खाल्ले नाहीत. आमच्या धंद्यात कुठलीही बॅच आली की त्यातले चार-सहा नग जसेच्या तसे, हात न लावता बाजूला काढून ठेवतात. त्यांना मास्टर पीस म्हणतात. उद्या कोणी भांडायला आलं की ते काढून दाखवायचे: बघा, मूळचं हे असं होतं. तुझे सात माझ्या टेबलाच्या खणात आहेत, कागदाच्या पाकिटात. तू भांडायला येणारच, म्हणून ठेवले.

तेलाचं म्हणशील तर चांगल्या कंपनीचं आहे. बॅरलवर सगळं लिहिलेलं असतं. मुंग्या तर सोडच, त्याच्या जवळ काहीच येत नाही.

मार्चएंड चालू आहे, जास्त लिहीत नाही.

ज्योतीराम

•

वाघजाई वस्ती
२ जून २०२४

चि. ज्योतीराम,

जागा गावली. आन कुठं गावली आईक. आपल्याच रानात.

आपल्या आळीतला खंडू आता कंपनीत माळी हाय, ठेकेदाराकडं. कंपनीला सरकारचा नेम हाय म्हनं, आवाराच्या कडंनं झाडं लावाया लागत्यात. त्याला ते ग्रीन बेल्ट म्हंत्यात. तिथं खंडू साऱ्या सालभर हिरवळ कापतो. गुरं न्हाईत, ढोरं न्हाईत, कापतो आन टाकून देतो. मी त्याला इचारलं, तारंचं कुंपन हाय का? म्हनला हाय, उंच हाय. वेलाला आनखी काय पायजे? आन उगवतीकडंचं कुंपन जिथं हाय ना, तिथंच आमचा पावट्याचा बांध हुता. नांदायला आले त्याच साली मी तिथं पैला लावला.

खंडूनं तिथं तीन हात जागा खुरपलीय. सायबानं इचारलं तर शोभेचा वेल म्हनून सांगनार हाय. मला आत जाता येनार न्हाई, पन कुंपनाच्या भायेरून दिसतंय.

तवा मंगळवारी आबाजीजवळ बियानं दे. आर्द्राच्या आत टाकायला पायजे. तीन-चार सालांवर पावट्याचा दाना धरवत न्हाई, आन हे दाने आताच दोन सालांचे हायेत. यंदा न्हाई लागला तर मंग न्हाईच, असं धरून चाल.

शालन

•

भोसरी
११ जून २०२४

ती. आत्या,

पाऊस अजून स्थिर झालेला नाही. घाई नको. आबाजीचा टेम्पोही दुरुस्तीला आहे. मला वाटतं, बी मीच स्वतः घेऊन येईन, जुलैत वगैरे. किंवा यंदा मीच भोसरीत लावून बघतो. वर्कशॉपच्या मागे जागा आहे.

ज्योतीराम

•

वाघजाई वस्ती
१८ जून

टेम्पो दुरुस्तीला हाय, तर तुजं पत्र घेऊन आबाजी आला कशात? वर्कशॉपच्या मागं गटार हाय, मी बगितलंय. काय केलंस ते लिव.

शालन

•

भोसरी
२५ जून २०२४

ती. आत्या,

लिहितो.

तू तेलाचं नाव विचारलंस तेव्हाच शंका आली होती. तेल आपल्या वर्कशॉपमधलं होतं, गंज न चढण्याचं. लोखंडावर मारतात. तू बी मागितलंस तेव्हा खोका उघडला. आधी विजयश्रीला दाखवला. तिने पिशवीत नाक घातलं.

"हे काय आहे?"

"पावटा."

"वास कसला येतोय?"

"तेल आहे. गंज चढू नये म्हणून."

"पावट्याला गंज चढतो?"

मी पिशवी परत बंद करायला लागलो.

"अहो, पावट्याला गंज चढतो का, ते सांगा ना. पंचवीस वर्षं वर्कशॉप चालवताय, तुम्हालाच ठाऊक असणार."

तिने दहा दाणे कोमट पाण्यात धुतले, ओल्या फडक्यात बांधले. चौथ्या दिवशी फडकं उघडलं तर दाणे होते तसेच, वरून चकचकीत. आणखी दहा घातले. मग उरलेले तेरा. आत्या, तेहतीसच्या तेहतीस गेले. एकालाही मोड नाही. दिसायला मात्र अजून नवे दिसतात. गंज म्हणशील तर कुठेही नाही.

मी तुला पाऊस आणि टेम्पोच्या गोष्टी सांगितल्या, कारण बाजारातून पावटा आणून तुझ्याकडे पाठवावा असा विचार मी पूर्ण एक दिवस करत होतो. पिंपरीच्या मंडईत जाऊन आलो. काळपट दाणा मिळाला, रेघसुद्धा होती. घेतला, घरी आणला. विजयश्री म्हणाली, "पाठवा. फुलं आल्यावर आत्याबाई स्वतः भोसरीला येतील, तेव्हा मी माहेरी असेन." त्याची आम्ही उसळ केली. बरी झाली होती.

खणातल्या सात मास्टर पीसना मी हात लावलेला नाही. तेल नाही, हवा नाही, काही नाही. विजयश्रीने सांगितलं म्हणून त्यातला एकही फडक्यात घालून बघितला नाही. ते सातही पाठवतोय. पाकीट आबाजीने वरच्या खिशात ठेवायचं, चलनाला लावायचं नाही, असं बजावलंय.

तुला काय लिहायचं ते लिही. लिहायचं नसेल तर तेही समजेन.

ज्योतीराम

•

वाघजाई वस्ती
६ ऑगस्ट २०२४

ज्योतीराम,

दीड म्हैना लिवलं न्हाई. पैले पंधरा दिवस तुज्यावर राग हुता. मंग सात दान्यांतले सा उगवले, तवा उतरला. मंग एक गोगलगाईनं खाल्ला आन दोनांवर ठेकेदाराच्या मानसानं हिरवळ कापायचं मशीन फिरवलं, तवा परत चढला. आता तीन वेल हायेत. तारंवर चढलेत. दोन हात आलेत.

तू बाजारचा पावटा पाठवनार हुतास हे लिवलंस, ते न लिवतास तर मला कळलं नसतं. मी हा कागद तीनदा फाडलाय. आता लिवतीय ते नीट वाच.

कस्तुरानं मला पावटा दिला न्हाई. ओटीत घातला, हे मी सांगत आले, तसं काई झालं न्हाई. आमच्या घरी बियान्याचं मडकं सुनंच्या हातात जायाचं. लेकीला न्हाई. लेक दुसऱ्याच्या रानात पेरनार, मंग आपल्या बांधाचं नाव काय राहिलं, असं म्हनायची माजी आई. मी एकदा मागितला. ती म्हनली, "तुला लुगडं दिलं, भांडी दिली, आता मडक्यात हात घालतीस का?" माज्या लग्नाच्या आदल्या दिवशी सारी हळदीला बसल्याली. मी बसल्याल्या जाग्यावरनं उठले, लघवीला जाते म्हनले, आन हळदीच्याच हातानं मडक्यातनं मूठभर काढला. पदराला गाठ मारली. हळदीची बोटं मडक्यावर उमटली का न्हाई ते बगाया मागं वळले न्हाई.

तवापास्नं साठ सालं सांगतीय, आईनं दिला. नवऱ्याला तेच सांगितलं. मालोजीला तेच. तुला तेच. आई वारली तवा तुज्या आईला सांगावं वाटलं, तवर तुमच्या घरचा संपला हुता, मंग सांगायला जीभ उचलंना. तुज्याकडं हे बियानं दिलं ते मालोजीच्या लाद्यांमुळं न्हाई. लाद्या निमित्त. तुमच्या घरचं तुमच्या घरात घालायचं हुतं. तेबी खोटं सांगूनच घातलं, आन बग, तेलात गेलं.

आता तीन वेल हायेत. त्यांचं बी तुज्या घरात गेलं म्हंजी माजं झालं.

शालन

•

भोसरी
२० ऑगस्ट २०२४

ती. आत्या,

तुझं पत्र वाचलं. विजयश्रीलाही वाचायला दिलं. तू देऊ नको म्हणाली नव्हतीस. ती एवढंच म्हणाली, "मूठभरच काढला? मी अर्धं मडकं काढलं असतं."

आता माझं ऐक. मी सात-आठ वर्षांचा असताना आजी मला दर दिवाळीत तुझ्याकडे फराळाचा डबा घेऊन पाठवायची. आठवतंय? परत आलो की चुलीपुढे बसवायची आणि उलटतपासणी. आत्याच्या परसात काय काय लागलंय? मी म्हणायचो, वांगी. "आन?" घेवडा. "आन?" गवार. "आन?" भोपळा. ती तशीच बसून राहायची, भाकरी पुढे सरकवायची नाही. शेवटी मी म्हणायचो, पावटा. मग विचारायची, "फूल कसलं?" मी म्हणायचो, जांभळं. की लगेच उठायची, ताटात भाकरी टाकायची. वर तूप. इतर दिवशी तूप नसायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मला ते कळलं, मग मी आल्या आल्याच पावटा म्हणायला लागलो, तुपासाठी.

तिला ठाऊक होतं, आत्या. तिने तुला विचारलं नाही आणि तू तिला सांगितलं नाहीस. आपल्या घरात दोन माणसं असं पन्नास वर्षं सहज बसू शकतात.

वेलांवर लक्ष ठेव. खंडूला म्हणावं, मावा पडला तर राखेचं बघ, कुठलंही भारी औषध मारू नको.

ज्योतीराम

•

वाघजाई वस्ती
३ डिसेंबर २०२४

चि. ज्योतीराम,

तुजं ते तुपाचं पत्र मी उशाखाली ठेवलंय. त्यावर आनखी काई लिवत न्हाई.

पावट्याचं लिवते. फूल जांभळंच आलं. तिन्ही वेलांनी सारं कुंपन धरलंय. आन आता सारी कंपनी आमच्या पावट्याच्या मागं लागलीय. एचआर म्हनून कुनी दिव्या मॅडम हाय, लातूरकडची. तिनं तिथं पाटी लावलीय, ‘जैवविविधता कोपरा’, खाली कंपनीचं नाव, आन त्याखाली लिवलंय, ‘शोभेची फुलवेल’. खंडूनं सांगितलेलं तिनं खरं धरलं. पाटीसंगं साऱ्या सायबांनी हुबं राहून फोटू काढला. वेल मागं झाकला गेला.

त्याचं मला काई न्हाई. शेंगांचं हाय. शिफ्ट सुटली की बीडचा, परभनीचा, कोकनातला, सारी कुंपनाकडं येत्यात. परभनीवाला डब्याला नेतो. कोकनातला म्हनतो मडकं आना, शेंगा भाजून पोपटी लावू. कंपनीत पाच हजार मानूस हाय आन वेल तीन. हिरव्या शेंगांना हात लावला तर बियानं धरायचं कशात? वाळूस्तवर वेलावर राहायला पायजेत, माघाच्या अखेरपत्तूर.

आमी काय करायचो, बियान्याच्या चांगल्या शेंगा निवडून त्यांना चिंधी बांधायचो. चिंधी दिसली की शाळंतली पोरंसुदा हात लावीत नसत. खंडूला चिंध्या दिल्या, त्यानं बांधल्या. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्यानं कचरा लटकलाय म्हनून साऱ्या सोडून टाकल्या, आन सोडताना चार शेंगाबी तोडल्या.

वीसेक झुबके राहिलेत. तुमा कंपनीवाल्यांना चिंधी कळत न्हाई, मंग काय कळतं?

शालन

•

भोसरी
१७ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

कंपनीवाल्यांना काय कळतं, हा प्रश्न मी पंचवीस वर्षं विचारतोय. या वेळी मात्र उत्तर सापडलं.

काल क्वालिटीच्या मीटिंगला तुझ्या कंपनीत गेलो होतो. आमच्या बुशच्या व्यासात केसाइतका फरक निघाला म्हणून दोन तास शिव्या खाल्ल्या. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर टेबलावरचे पिवळे टॅग आले. कुठल्या मालाबद्दल शंका असली की त्याला हा टॅग बांधतात. त्यावर लिहिलेलं असतं: ‘होल्ड. निर्णय होईपर्यंत हात लावू नये.’ खाली तारीख, नंबर, सही.

आत्या, या पट्ट्यात लोक देवळातल्या नारळाला हात लावतील, होल्डच्या मालाला लावणार नाहीत. आमच्याच वर्कशॉपमध्ये सात वर्षांपूर्वीची एक पेटी होल्डवर आहे. ज्याने सही केली तो सोडून गेला. आत काय आहे ते आता कोणालाच माहीत नाही. मॅनेजर बदलले, मशिनं बदलली, गेल्या वर्षी रंगकाम झालं तेव्हा रंगाऱ्याने पेटी हलवली नाही, तिच्याभोवतीने रंग दिला.

मी येताना वीस टॅग खिशात घातले. ग्रीन बेल्ट बघायचाय म्हटल्यावर सिक्युरिटीवाला म्हणाला, बघा ना साहेब, तो बघायलाच ठेवलाय. खंडू बरोबर होता. चांगल्या झुबक्यांना वीसच्या वीस टॅग बांधले. पार्टचं नाव: पावटा. दोष: अजून हिरवा. सही माझी.

बांधत असतानाच तुझा परभणीवाला डबा घेऊन आला. टॅग बघितला, वाचला, दोन पावलं मागे सरला.

"साहेब, काय प्रॉब्लेम आहे यात?"

"तपासणी चालू आहे."

"खाल्लाय मी परवा!"

"काही होतंय का?"

"अजून तर नाही..."

"मग ठीक आहे. पण यापुढे नको."

तो गेला तो थेट कँटीनकडे. संध्याकाळच्या शिफ्टपर्यंत ही बातमी पाच हजार जणांत गेली असेल. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि बोललोही नाही. तपासणी चालूच आहे.

ज्योतीराम

•

वाघजाई वस्ती
२० फेब्रुवारी २०२५

चि. ज्योतीराम,

तुजं पिवळं कागुद चाललं. नुसतं चाललं न्हाई, जानेवारीत परदेशी पावने येनार म्हनून साऱ्या कुंपनाची सफाई निगाली, तवाबी चाललं. ठेकेदाराचा मानूस कोयता घेऊन आला, कागुद बगितलं आन थांबला. त्यानं सुपरवायझरला इचारलं. त्यानं क्वालिटीला इचारलं. क्वालिटीवाला म्हनला, ज्यानं होल्ड लावलाय त्यानंच सोडायचा, आमचा संबंद न्हाई. सही वाचायला चार मानसं जमली, कुनाला वाचता आली न्हाई. तुजं अक्षर वाईट हाय हे मी पैल्याच कागदात लिवलं हुतं, पन त्याचाबी कुठं उपेग हुतो. तवर पावने आले, चा पिऊन गेले.

मंग शेंगा वाळल्या. खंडू म्हनला, "आजी, डब्यात घालून आनतो, कुनाला पत्ता लागत न्हाई." मी म्हनलं, न्हाई. एकदा पदरात बांधून आनला आन साठ सालं झाकीत बसले. या बारीला दारातनं आनायचा, बोलून. काल मीच गेले. मालोजी गाडीनं सोडतो म्हनला, पन गेटापत्तूर काय गाडी. लाद्यांवरनं चालत गेले.

खंडूनं पिशवी गेटावर आनून ठेवली. सिक्युरिटीवाला म्हनला, "आजी, मटेरियल भायेर न्यायचं तर गेटपास लागतो."

"मंग दे."

"तसा न्हाई देता येत."

"मंग मी हितं बसते." खुर्ची त्याचीच हुती, बसले. त्याला हुबं राहवं लागलं. घंट्याभरानं दिव्या मॅडम आली. पोरगी गोड हाय, पन नेम सोडीना.

"आज्जी, कंपनीच्या जागेत उगवलंय, मग ते कंपनीचंच झालं ना?"

"व्हय. जागा तुमची हाय. माज्या मालकानं सही केलीया, मी कुठं न्हाई म्हंते? पन दाना तुमचा न्हाई. आन माजाबी न्हाई. माज्या आईचा हाय."

तिनं पिशवीतला एक दाना उचलून बगितला. मंग म्हनली, "आमच्या आज्जीकडं असाच लाल भोपळा होता." मी इचारलं, आता कुठं हाय? ती म्हनली, "माहीत नाही." आन कॉम्प्युटरपुढं बसली.

त्या कॉम्प्युटरला लई चौकश्या. माल कुनाचा? मी म्हनलं, लिव, कस्तुरा. सिक्युरिटीवाला इचारतो, ही कंपनी हाय का व्यक्ती? म्हनलं, बाई हाय. नग किती? दोनशे चौदा, मी तिथंच मोजले. किंमत? लिवू नको म्हनलं, पन रकाना रिकामा घेईना, म्हनून तिनं एक रुपाया लिवला. मंग मालाचा परकार आला. सिक्युरिटीवाला म्हनला, "स्क्रॅपमधी टाका मॅडम, स्क्रॅप लगीच सुटतं." मी त्याला म्हनलं, "पुन्यांदा म्हन." तो म्हनला न्हाई.

दिव्या मॅडमनं खाली-वर बगितलं आन म्हनली, "आज्जी, एकच बसतंय. नमुना, परत येणारा. पण मग परत आणायची तारीख द्यावी लागेल, आणि आणावाच लागेल. नाही आणला तर वरपर्यंत मेल जातो."

"आननार की. आर्द्रा लागल्यावर, पेरायला."

"नक्षत्र घेत नाही हो कॉम्प्युटर."

"मंग बावीस जून."

सही केली. पिशवी त्यांनीच उचलून भायेर दिली, सलाम ठोकून.

आबाजीसंगं डबा पाठवतीय. त्यात एकशेसात दाने हायेत. हे तुला देत न्हाई, माघारी करतीय. विजयश्रीच्या हातात दे, तुज्या न्हाई. बाकीचे एकशेसात माज्याजवळ. त्यांतले मूठभर दिव्या मॅडमला दिलेत, मागितले न्हाईत तिनं, पन बगत हुती.

राहिलेल्यांची बावीस जूनची जबाबदारी माज्या सहीवर हाय. मालोजीनं माज्या गुडघ्याच्या आपरेशनची तारीख मे म्हैन्यात घेतली हुती. मी ती जुलैत ढकलायला सांगितली. डॉक्टर म्हनला, आजी, या वयात पुढं ढकलू नये, काई सांगता येत न्हाई. म्हनलं, सांगता येत न्हाई ते तुमाला. मला माल माघारी द्यायचाय.

तुजी आत्या
शालन